वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

“बाकी सगळं मागाहून बदलता येतं, ताई. मदरबोर्ड तेवढा विचार करून घ्या,” असं कॉम्प्युटरच्या दुकानातला योगेश फोनवर सहज बोलून गेला आणि तृप्तीची झोप उडाली.

तशी तिची झोप उडायला फारसं काही लागत नसे. लेक पूजा झाल्यापासून ती लसींच्या काळजीने जागली होती, माध्यम मराठी की इंग्रजी या काळजीने जागली होती आणि मधले काही महिने पोरीचं डोकं मागून चपटं तर राहणार नाही ना, या काळजीने. (डोकं उत्तम गोल झालं. श्रेय सासूबाईंच्या तेलाला मिळालं. जागरणाला कुणी श्रेय देत नाही.) पण निदान त्या गोष्टी काय असतात हे तिला ठाऊक होतं. मदरबोर्ड तिने डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. न पाहिलेली वस्तू चुकीची निवडली म्हणून पोरगी जन्मभर मागे पडणार आणि मागे पडल्या पडल्या आईकडेच बघणार! शेजारी तिचा नवरा गोरक्ष मात्र असा घोरत होता, जणू मदरबोर्ड त्याच्या उशाखालीच आहे.

हे सगळं सुरू झालं तिच्या पिंपळगावच्या भावामुळे. तो द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात होता. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये एक पाल शिरली आणि दोघांनी एकदमच राम म्हटला. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. जुन्याचा मॉनिटर, कीबोर्ड आणि कॅबिनेट म्हणतात तो पांढरा पत्र्याचा डबा भावाने (पाल काढून) नाशिकला पाठवून दिला. “आत नवा मदरबोर्ड आणि बाकीचं किडुकमिडुक टाका, की भाचीला नवाकोरा कॉम्प्युटर!”

पूजाने ही बातमी त्याच संध्याकाळी इंदिरानगरातल्या त्यांच्या बिल्डिंगभर पोचवली. रविवारी वाढदिवस, रविवारी कॉम्प्युटर, सगळ्यांनी यायचं. आता रविवारी कॉम्प्युटर चालू झाला नाही तर बिल्डिंगमधल्या झाडून साऱ्या पोरांसमोर पूजाची शोभा होणार, हे उघड होतं.

“मदरबोर्ड मी आणतो,” गोरक्ष म्हणाला.

“नको. तुम्ही आणलेल्या फ्रिजचं दार भिंतीकडे उघडतं.”

“माप तर बरोबर बसलं ना?”

“माप बरोबर बसलं. दूध काढायला मला आडवं व्हावं लागतं.”

गोरक्ष सातपूरच्या कंपनीत मालाची तपासणी करायचा. केसभर कमी-जास्त पार्ट दिसला की बाजूला काढायचा, हाच त्याचा धंदा. घरी कॅबिनेट आल्याबरोबर त्याने त्याच्या अचूक मापाचं कॉम्प्युटर टेबल करून घेतलं होतं. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात असं बसे, की बाजूने आगपेटीची काडी जाणार नाही. तो दिवसातून दोनदा ते आत ढकलून बाहेर काढी आणि समाधानाने मान हलवी.

तृप्तीचं तत्त्व नेमकं उलटं. लेकराची वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. गणवेशाला वीतभर दुमड. रेनकोट असा, की पूजा शाळेत निघाली की कव्हर घातलेली स्कूटरच चाललीय असं वाटावं. बूट दोन नंबर मोठे, पुढे टोकांत कापसाचे बोळे कोंबून. “पुढच्या वर्षी बरोबर येईल,” हे वाक्य त्या घरात शुभंकरोतीइतकंच नेमाने म्हटलं जाई आणि सासू-सुनेचं एकमत होईल असा तो एकमेव विषय होता. शाळेच्या शर्यतीत पूजाचा एक बूट मागे राहिला. ती परत फिरली, बूट घातला आणि शेवटची आली. तृप्तीने त्यावर खूप विचार केला आणि कापूस वाढवला.

तर अशी ही तृप्ती कॉलेज रोडच्या दुकानात जाऊन उभी राहिली. योगेशने काचेवर दोन हिरव्या पाट्या ठेवल्या. एक लहान, एक मोठी. दोन्हींवर छोट्या छोट्या इमारती, रस्ते, टाक्या. वरून पाहिलेलं सिडकोच जणू.

“दोन्ही चांगले आहेत, ताई. तुमच्या कामाला हा लहान भरपूर होईल.”

“या मोठ्यात जास्त काय आहे?”

“स्लॉट जास्त आहेत. उद्या काही नवीन कार्ड बसवायचं झालं तर या रिकाम्या फटी. लहानात दोन आहेत, यात पाच.”

“म्हणजे याला वाढायला जागा आहे?”

“तसं म्हणा. पण लागत नाहीत हो इतक्या कुणाला.”

“आत्ता नाही लागत,” तृप्ती म्हणाली. तिला एकाएकी मोकळं वाटायला लागलं. इतका वेळ आपण घाबरत होतो, आणि निघाला काय, तर गणवेशच! “मुलगी आत्ता दुसरीत आहे. मोठाच द्या.”

योगेशने खोका उचलला. “कॅबिनेट कोणतं आहे तुमच्याकडे?”

“आहे ना. पांढरं.”

“तसं नाही. मोठं आहे की लहान?”

“उभं आहे,” तृप्ती ठामपणे म्हणाली.

योगेशने “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या पाटीखाली बसून बिल केलं.

शनिवारी तो घरी आला. जमिनीवर पेपर अंथरून त्याने कॅबिनेट उघडलं, मदरबोर्ड आत धरला, तिरका केला, सरळ केला, उलटा केला आणि शेवटी मांडीवर घेऊन बसला.

“काय झालं?” तृप्तीने विचारलं.

“चार बोटं बाहेर राहतोय, ताई.”

गोरक्ष टेप घेऊन धावला. आयुष्यात काहीतरी चुकल्याचा इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसे. “सहा सेंटीमीटर! अगं, माप म्हणून काही चीज असते की नाही?”

“लेकरू मापात राहतं का तुमच्या?”

“लेकरू कुठे बसवायचंय कॅबिनेटमध्ये?”

यशोदाबाई, म्हणजे सासूबाई, लसूण सोलत होत्या. त्या सुनेच्या मदतीला आल्या. “मोठा झाला म्हणून काय झालं? मोठ्याचं बारीक करता येतं. बारीक आणला असता तर काय करणार होता? कडेकडेनं थोडा कापून घे रे बाळा.”

“आजी, कापता येत नाही तो.”

“मग दुमड.”

योगेशने पाणी मागितलं.

शेवटी मोठं कॅबिनेट आणायचं ठरलं. रविवारी सकाळी रिक्षातून ते आलं, तेव्हा रिक्षावाल्याने “फ्रिज का?” असं विचारलं. ते गोरक्षच्या टेबलासमोर उभं केलं. कप्पा कॅबिनेटच्या कमरेपर्यंतही येत नव्हता.

“खालीच ठेवू या ना, फरशीवर,” तृप्ती हळूच म्हणाली.

“मग टेबल कशाला केलं?” म्हणून गोरक्ष करवत घेऊन आला. ज्याने कारखान्यात केसभर फरकावरून माल परत पाठवला, त्याने टेबलाची मधली फळी मोजली, पुन्हा मोजली आणि कापली. कॅबिनेट आत गेलं. त्याबरोबर त्या फळीच्या आधारावर असलेला कीबोर्डचा खण एका अंगाला कलला आणि त्यावर ठेवलेला माउस आपल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दिशेने निघाला.

“आधार होता तो!” योगेश म्हणाला.

“दिसलं मला,” गोरक्ष म्हणाला.

यशोदाबाईंनी कलत्या बाजूखाली वरवंटा उभा केला. माउस थांबला. (चटणी त्या दिवशी मिक्सरवर झाली.)

चार वाजता दाराशी लहान लहान चपलांचा ढीग पडायला लागला. पोरं खोलीत दाटीवाटीने बसली. पूजा नव्या फ्रॉकमध्ये (दुमड वीतभर) खुर्चीवर दोन उशा घेऊन बसली, तरी तिची हनुवटीच तेवढी कीबोर्डच्या वर होती. योगेश शेवटच्या तारा जोडत होता. तृप्ती देवाच्या फोटोकडे न बघता बघत होती. आता जर हा चालू झाला नाही तर? तर पोरीला काय सांगायचं, की तुझ्या आईने विचार करून आणला होता?

योगेशने बटण दाबलं. एक बारीक ‘टुक’ आवाज झाला. पडदा काळा. काळाच. मग त्याच्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटायला लागली आणि पोरांनी जो गलका केला त्याने खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. गोरक्षनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. यशोदाबाईंनी कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं. तृप्तीला हायसं वाटलं आणि त्याच्यामागोमाग थोडासा अभिमानही. कापलेल्या टेबलासाठी, मोठ्या डब्यासाठी, सगळ्यासाठी तिला माफी मिळाल्यासारखी झाली.

कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण अजून लावायचं होतं. तिने पूजाला खाली उतरवलं आणि सगळ्या पोरांसमोर आत बोट दाखवलं.

“बघ पूजा, ही तुझी हिरवी पाटी. आईने निवडली. आणि या रिकाम्या जागा बघितल्यास? किती मोठ्ठ्या? तू मोठी होशील ना, तसतसा हा कॉम्प्युटरपण मोठा होत जाईल. पुढच्या वर्षी अगदी बरोबर येईल!”

पूजा गुडघ्यांवर बसली. तिने आत वाकून एकेक रिकामी फट नीट पाहिली. मग ती उठली, दारापाशी चपलांच्या स्टँडकडे गेली, आपले शाळेचे बूट काढले, दोन्हींत हात घालून काहीतरी ओढून काढलं आणि परत आली. तिच्या मुठीत कापसाचे दोन मळके, दाबून दाबून बुटांच्या टोकांसारखे झालेले बोळे होते. ते तिने आईच्या हातात ठेवले.

“हे घाल आत,” ती अनुभवाने म्हणाली, “नाहीतर चालताना निघून पडेल.”