गाडीखालचं बोलणं

ज्ञानोबाभाऊंचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. पाय मात्र कुठंही ओळखीन. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं आणि टाचांच्या भेगांत काळं तेल मुरलेलं होतं.

भोसरीत आमच्या भाड्याच्या खोलीसमोर त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. लष्कराच्या लिलावातले जुने ट्रक तिथं दुरुस्तीला यायचे. ज्ञानोबाभाऊ उभे असले की मुके. गिऱ्हाइकालाही मानेनंच हो किंवा नाही. पण पाठीवर सरकत गाडीखाली गेले, नुसते पाय बाहेर उरले, की तोंड सुरू. गावची म्हैस, जागामालकाचा चिक्कूपणा, सगळं निघायचं.

ऐकणाऱ्यानं फक्त "हूं" म्हणायचं. हूं आलं नाही की खालून पाना वाजायचा, टण्. शेजारची शेवंता मधेच उलट बोलायची, तेव्हा पाय रागानं एकमेकांवर चढायचे. "मधी बोललं की नट कुठं ठेवला ते इसरतो!"

म्हणून त्यांना मी बरी वाटे. तांदूळ निवडत दगडावर बसायची आणि हूं म्हणायची. समोर माणूस आलं की माझंही तसंच होतं. त्यामुळं त्यांचं मला कधी नवल वाटलं नाही.

एकदा त्यांची बायको कमल गावाहून ज्वारीचं पीठ घेऊन आली. निघायच्या दिवशी सकाळी नळावर मला म्हणाली, "आल्यापासून एकदाच बोलले, बाई. भाजीत मीठ कमी हाय म्हनले. संध्याकाळच्या एस.टी.नं जाते मी."

त्या दुपारी ज्ञानोबाभाऊ ट्रकचा ट्रान्सफर उतरवत होते. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ती लोखंडी पेटी. तेल काढून झालं, चाकांकडे जाणारे दांडे सुटले, खाली जॅकवर फळी लावून झाली. शेवटचे बोल्ट तेवढे राहिले होते.

"वैनी, मोठी खोली बघून ठिवलीय," पाय म्हणाले.

"हूं."

एवढ्यात कमल गाठोडं घेऊन निरोप घ्यायला आली. मी उठले, तिला खुणेनंच दगडावर बसवलं आणि बाजूला झाले.

"कमलला म्हणावं वाटतं, जाऊ नगं. पर ती समोर आली की तोंडच उघडत न्हाई. न्हाई म्हणली तर?"

हूं आलं नाही. टण्.

"मग म्हना की," कमल म्हणाली.

पाय जागच्या जागी थिजले.

"कमल?"

"हां."

"थांब. हे आधी उतरू दे. लई जड हाय."

"उतरा सावकाश. मी हाय हितंच."

बोल्ट निघाले. जॅक हळूहळू खाली आला, फळीवरची पेटी जमिनीजवळ आली. आता बाहेर यायला हरकत नव्हती. पण ते आले नाहीत.

"राहतीस?" खालूनच आवाज आला.

कमलनं मांडीवरचं गाठोडं उतरवून दगडाशी ठेवलं. गाडीखालून ते कुठलं दिसायला!

टण्.

"हूं," कमल म्हणाली.