उम्म आसिम यांच्या चेहऱ्याची मुदत

अम्मानमधल्या आमच्या कार्यालयात एकवीस देशांतल्या चारशे व्यापारी बोधचिन्हांच्या नोंदणीची नूतनीकरणं सांभाळली जातात. प्रत्येक मुदतीआधी यंत्र मालकाला आणि आम्हाला स्मरणपत्रं काढतं आणि मी त्यांवर ‘दखल घेतली’ असं नोंदवतो. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही दखल राहिलेली नाही. मुदत संपल्यावर दंड भरून सहा महिने सवलत मिळते, म्हणून आमच्याकडे खरी मुदत तीच मानायची प्रथा आहे.

उम्म आसिम यांच्या तिळाच्या तहिनीच्या डब्यावर त्यांचाच चेहरा आहे. त्यांच्या घाण्यावरचा निम्मा माल शेजारच्या देशात जातो, तो त्या चेहऱ्यावरच खपतो. तिथल्या नोंदणीची सवलतसुद्धा यंत्राच्या हिशेबाने जूनच्या मध्याला संपणार होती.

जानेवारीत आमच्या जुन्या कारकून सित हैफा, म्हणजे हैफाबाई, आमचे साहेब उस्ताज लुआय यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“उस्ताज लुआय, तिथली दहा वर्षं चंद्राची. साडेतीन महिने कमी भरतात. सवलत फेब्रुवारीअखेर संपतेय!”

“यंत्र हिरवं दाखवतंय, सित हैफा.”

“दाखवेल हो! रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तुमचं यंत्र काय सरबत पीत बसतं?”

“तक्रार नमुन्यात भरून द्या.”

बाईंनी नमुना भरला. यंत्राने तो शिस्तीत दाखल करून घेतला आणि विचारासाठी नव्वद दिवसांनंतरची तारीख दिली. मी दखल घेतली. फेब्रुवारीत बाईंनी पुन्हा आरडाओरडा केला, तेव्हा एकाच विषयावर दोन नमुने चालत नाहीत हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. एप्रिलमध्ये साहेबांनी शेरा मारला: ‘सूचना योग्य. अभिनंदन.’

मार्चमध्येच तिथल्या एका व्यापाऱ्याने उम्म आसिम यांचा चेहरा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज टाकला होता. मे महिन्यात त्याला मंजुरी मिळाली आणि त्याची नोटीस आली: आमचा चेहरा वापरणं ताबडतोब थांबवा.

उम्म आसिम डबा घेऊनच आल्या. तो त्यांनी टेबलावर आपटला.

“तोंड माझं, सुरकुत्या माझ्या, आणि मालक कोण तो मेला?”

“खाला, शांत व्हा,” साहेब म्हणाले. “कॉफी घ्या. आमच्याकडून एकही स्मरणपत्र चुकलेलं नाही.”

“चौतीस आली. माझ्या मुलाने चौतीस वेळा ‘करा बाबा’ म्हणून कळवलं. अर्ज किती केलात?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी यंत्राकडे. अर्जाचा रकाना त्यात नव्हता. म्हातारी डबा उराशी धरून रडायला लागली, तेव्हा मला खरंच लाज वाटली. मी तशी नोंदही केली.

तुम्ही हसताय. हसा. पण हे वाचताना मघाशी तुमचा फोन वाजला, आलेलं स्मरणपत्र तुम्ही न वाचताच बोटाने बाजूला सारलंत. आमच्याकडे त्यालाच दखल घेणं म्हणतात. कशाची मुदत होती ती?