आभाबाईंच्या दुपारच्या झोपेस्तव फोनाचा दरवाजा उघडिला, त्याची हकिकत

श्रीगंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी, नाशिक शहरी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, थंडीने इंदिरानगरात ठाणे दिले असता जे वर्तमान घडले, ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. वाचणारांनी लहान गोष्ट म्हणून हसू नये. हसणे अगदीच आवरत नसल्यास आवाज न करिता हसावे, कारण लिहितेसमयी रात्र असून आभाबाईसाहेब शेजारच्या खोलीत निजल्या आहेत.

प्रथम ताकिदीचे वर्तमान. आभाबाईसाहेब जन्मास आल्या ते समयी बिऱ्हाड पंचवटीत होते आणि बाळ-बाळंतिणीस तेल लावून न्हाऊ घालण्याचे कामी मखमलाबाद नाक्याकडील लंकाबाई नेमिल्या होत्या. लंकाबाई म्हणजे साठी उलटलेली, काटक, मूळची निफाडकडील असामी. पाटावर बसावे, पाय लांब करावे, पायांवर बाळ पालथे घ्यावे आणि ऊन पाण्याचे तांबे ओतीत गाणे म्हणावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. गाणे कोठले ते त्यांसही ठाऊक नव्हते. त्यात द्राक्षाचा मळा होता, एक आगाऊ चिमणी होती, आणि पायावर जे बाळ असेल त्याचे नाव मधेच गुंफिले जात असे. ते कानी पडताच आभाबाईसाहेब, ज्या एरवी कोणास दाद देत नसत, त्या अंग टाकून निजत. तेव्हा आईसाहेबांनी (आईसाहेब चैतालीबाई व लिहिणार एकच, बखरीत 'मी' म्हणणे शोभत नाही) मोरीच्या दाराशी उभे राहून ते गाणे फोनात उतरून घेतले. त्यावर लंकाबाई साबणाचे बोट फोनाकडे करून जे बोलल्या ते दरबारी भाषेत बसत नाही, सबब होते तैसे लिहिले आहे:

"बाय, त्या डबड्यात घालून काय करशील मला? मी हाय ना जित्ती. हाक मार, येईन. आन कोणाला धाडू नको ते, लोक हासतील."

यापैकी कोणास न धाडण्याची आज्ञा आईसाहेबांनी तंतोतंत पाळिली. बाकीचे ऐकिले, मान डोलाविली आणि सोडून दिले.

पुढे बिऱ्हाड गंगा ओलांडून इंदिरानगरात आले आणि लंकाबाईंस दोन बसा बदलून येणे होईना, मग पाच महिने लंकाबाई फोनातूनच चाकरी बजावीत राहिल्या. रोज दुपारी दोनाचे सुमारास गाणे लागे, आभाबाईसाहेब निजत, आणि आईसाहेब दर थोड्या वेळाने त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खातरजमा करीत. एका झोपेत वीस वेळा बोट धरिल्याची नोंद आहे. ऐसे राज्य सुरळीत चालले होते.

परंतु त्या फोनात कंपनीने पूर्वीच वसविलेले काही वतनदार होते. एक पत्त्यांचा खेळ, एक बातम्यांचे दुकान, दोन बाजारपेठा, आणि एक असामी जिचे काम काय ते चार वर्षांत उमगले नाही. न विचारता आले, जागा अडवून बसले, आणि हाकलू गेल्यास 'हे काढता येणार नाही' ऐसे उत्तर करीत. तो मार्गशीर्षाच्या आरंभी एके दुपारी गाणे ऐन चिमणीपाशी आले असता पत्त्यांच्या खेळाने एकाएकी तुतारी फुंकिली, की आपणांस बक्षीस लागले आहे, त्वरा करावी. आभाबाईसाहेब दचकून उठल्या आणि त्यांनी जो आक्रोश मांडिला तो समोरील इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत श्रुत जाहला.

मग संध्याकाळी खलबत भरले. मयुरेशराव, जे आभाबाईसाहेबांचे वडील आणि अंबडच्या कारखान्यात यंत्रांची देखरेख करितात, त्यांनी मसलत दिली की यास इलाज एकच, फोन रूट करावा. घर आपले, मोल आपण दिले, आणि मुख्य किल्ली मात्र कंपनीपाशी, हा काय न्याय? फोन जागा होताना बूटलोडर नामे द्वारपाल प्रथम उठतो, कंपनीचा शिक्का पाहतो आणि शिक्का असेल त्यासच आत घेतो; त्या द्वारपालाचे कुलूप उघडावे, आपला माणूस आत घालावा, सर्वाधिकार हाती घ्यावा आणि वतनदार तडीपार करावे. यावर राजमाता उत्तराबाईसाहेब, म्हणजे आईसाहेबांच्या सासूबाई, मेथी निवडता निवडता बोलल्या:

"मिक्सरही तू असाच मोकळा केला होतास, मयुरेश. माळ्यावर आहे अजून. मोकळाच."

मयुरेशरावांनी हे बोलणे दप्तरी घेतले नाही.

आईसाहेब पदवीधर, त्यांत काळजीखोर. त्यांनी दोन दिवस वाचन केले आणि भय तपशीलवार मांडिले. द्वारपाल एकदा सैल जाहला की तो आपला-परका पाहत नाही. फोन चोराच्या हाती पडला तर त्याचेही काम सोपे. कंपनीची हमी बुडते. ती तशीही दोन वर्षांमागे संपली होती, तरी बुडते हे ऐकोन वाईट वाटले. बँकेचे अॅप ऐसा फोन ओळखते आणि तोंड फिरविते. आणि सर्वांत थोर अट ही की, कुलूप उघडतेक्षणी आतील यच्चयावत माहिती पुसली जाते. ही अट मूळची शहाणपणाची. परक्याने दार उघडिले तरी त्याच्या हाती रिकामे घर लागावे. परंतु घरधन्याने उघडिले तरी तीच गत.

तरीही तुतारीचा राग थोर होता. कंपनीस अर्ज गेला आणि कंपनीने फर्माविले की सात दिवस थांबावे, विचार करावा, मग या.

त्या सात दिवसांत आईसाहेबांनी फोटोंचा विचार केला. चार हजारांवर फोटो, त्यांत एकट्या जांभईचे एकसष्ट, ते एकदा संगणकावर आणि एकदा मेघलोकी ऐसे दोन ठिकाणी रवाना केले. संपर्क, लसीकरणाचे कागद, सर्व मोजून नेले. यादीत 'ऑडिओ' नामे खाना होता, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि गाणे त्यातच असणार ऐसे गृहीत धरिले. वास्तविक रेकॉर्डरने ते आपल्या खाजगी कोठडीत ठेविले होते आणि त्या खान्यात रिंगटोन तेवढे होते. उघडून पाहिले असते तर कळते. पाहिले नाही.

मुदत भरली त्या दिवशी मयुरेशरावांनी रजा काढिली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडिला आणि केबल जोडून मोर्चे लाविले. फोनाच्या एका आकड्यावर सात वेळा बोट मारिले असता फोनाने जाहीर केले की आपण आता डेव्हलपर झालात, आणि मयुरेशराव इतक्यानेच बहुत संतोष पावले. मग दोन कळा एकदम दाबून द्वारपालास त्याच्या चौकीत गाठिले आणि आज्ञा सोडिली. तो पडद्यावर ताकीद उमटली की सर्व माहिती नष्ट होईल, मान्य असल्यास कळवावे. मयुरेशरावांचा अंगठा कळीवर थांबला.

"चैताली, सगळं घेतलंस ना? बघ हं, नंतर मला बोलायचं नाही."

"घेतलं रे. चारदा बघितलंय. दाब तू."

दाबिले. दरवाजा उघडला. आत राख.

यानंतर घनघोर प्रसंग जाहला. मयुरेशरावांनी उत्साहात मागल्या आवृत्तीची फाईल आत चढविली, आणि फोनाने कंपनीचा बिल्ला दाखवावा, विझावे, पुन्हा बिल्ला दाखवावा, पुन्हा विझावे, ऐसे दीड तास चालले. राजमाता दोनदा येऊन पाहून गेल्या आणि माळ्यावर अजून जागा आहे ऐसे सहज बोलल्या. अखेर योग्य फाईल शोधून चढविली, फोन उठला, सर्वाधिकार हाती आला, आणि मयुरेशरावांनी वतनदारांची कत्तल आरंभिली. पत्त्यांचा खेळ गेला, बातम्यांचे दुकान गेले, बाजारपेठा ओस पडल्या, आणि त्या भरात आणखी पाच-सात असामी, ज्यांची नावे नीट वाचिली नाहीत, त्याही गेल्या. फोन वाऱ्यासारखा धावू लागला. फक्त दर वेळी उठताना पडद्यावर लिहून येई की या फोनाचे दार उघडे आहे, भरवसा धरू नये. त्याच सायंकाळी भाजीवालीपाशी बँकेच्या अॅपनेही तेच कारण सांगून तोंड फिरविले आणि आईसाहेबांस दोन जुड्या परत ठेवाव्या लागल्या. बँकेपासून हे सोंग लपविण्याची युक्ती आहे, ऐसे मयुरेशराव म्हणाले. बँकेशी लपंडाव खेळणे नाही, ते अॅप तुमच्या फोनावर राहील, ऐसा आईसाहेबांचा हुकूम जाहला.

हे सर्व सोसण्याजोगे होते. परंतु दुसऱ्या दुपारी दोन वाजता आभाबाईसाहेबांस मांडीवर घेतले, गाणे लावावयास गेले, आणि गाणे नव्हते.

संगणकावर पाहिले, मेघलोकी पाहिले. नव्हते. कोणास धाडिले नव्हते, म्हणून कोणापाशी मागावे ऐसेही नव्हते. पुसलेले परत आणितो म्हणणारे तीन प्रोग्रॅम मयुरेशरावांनी चालवून पाहिले आणि खाली मान घालून सांगितले की माहितीबरोबर तिची किल्लीही जळते, आता काही निघणार नाही. मग मयुरेशराव स्वतः गायिले. आभाबाईसाहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले आणि रडणे दुप्पट केले. राजमातांनी व्यंकटेशस्तोत्र म्हटले, राजमाता निजल्या. तीन दुपारी ऐसा पराभव जाहला.

पहिल्या दुपारीच आईसाहेबांनी लंकाबाईंस फोन लाविला होता, की फोनावरूनच चार ओळी म्हणाव्यात. फोन बंद. चार्जिंग नसेल. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी बंद आहे हे ऐकिले आणि आईसाहेबांस चार्जिंगचे कारण पुरेना. प्रश्न आता झोपेचा राहिला नव्हता. लेकीस काखेत मारिले, मयुरेशरावांस कामावरून बोलाविले, आणि स्वारी चारचे उन्हात गंगा ओलांडून मखमलाबाद नाक्याकडे निघाली.

चाळीतील तिसरे दार. हाक मारिली.

"कोण? चैताली बाय व्हय? दार लोटलेलंच हाय, ढकल."

लंकाबाई भिंतीस टेकून बसल्या होत्या. उजवा पाय घोट्यापाशी सुजून काळानिळा. बाजूस चहाचे भांडे आणि टोस्टची पुडी.

"अहो, हे काय झालं? कधी?"

"नळावर घसरले. झाले की दहा-बारा दिस. होतंय कमी. मला काय धाड भरलीय?"

"आणि फोन?"

"त्यो बी माझ्याच संगं पडला, पाण्यात. मी निदान बसले तरी उठून."

"कोणाला सांगायचं तरी, लंकाबाई!"

"कशावर सांगू?" मग आभाबाईसाहेबांकडे हात पसरीत, कोणताही राग न धरिता, त्या बोलल्या, "आन तुला काय सांगायचं? तुला तर मी रोज दुपारची भेटते ना त्या डबड्यात. तूच म्हणली व्हती मागं."

येथे बखर थोडी थांबते.

दहा-बारा दिवस म्हणजे कंपनीस अर्ज गेला तो सुमार. सात दिवस विचार करा, ऐसे कंपनी म्हणाली होती. एका झोपेत वीस वेळा लेकीच्या नाकाशी बोट धरणाऱ्या आईसाहेबांनी पाच महिन्यांत गंगेपलीकडे एकदाही डोकावले नव्हते. कारण आवाज रोज येत होता, आणि आवाज येतो आहे म्हणजे सर्व कुशल, ऐसे चालले होते.

मयुरेशरावांनी लंकाबाईंस उचलून रिक्षात बसविले. "ए, हळू! मला न्हाऊ घालायला नेतो का काय?" ऐसा त्यांचा पुकारा नाक्यापर्यंत चालला. डॉक्टरांनी फोटो काढून हाडास चीर सांगितली आणि पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात बंदिस्त केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, त्याच तिसऱ्या दारी, राजमातांनी धाडिलेला मुगाच्या खिचडीचा डबा रिकामा जाहल्यावर, आईसाहेबांनी भीत भीत गाण्याची गोष्ट काढिली. लंकाबाई म्हणाल्या, "पायावर पोर असल्याबगर येत नाय मला. दे हिकडं." उजवा पाय नामंजूर, सबब डाव्या पायावर उशी देऊन आभाबाईसाहेबांस पालथे ठेविले, लंकाबाईंनी पाठीवरून हात फिरविला आणि गाणे निघाले. मळा आला, चिमणी आली, आभाबाईसाहेबांचे नाव येण्याआधीच त्यांचे डोळे मिटले. मयुरेशरावांनी चपळाईने फोन काढिला, की आता दोन ठिकाणी जपून ठेवू, आणि शोधू लागले. रेकॉर्डर नव्हता. नावे न वाचता ज्या असामी कापिल्या, त्यांत तोही पडला होता. दुसरा रेकॉर्डर दोन मिनिटांत उतरविता येतो, हे मयुरेशरावांनी तीनदा कानाशी सांगितले. आईसाहेबांनी ते ऐकिले, मान डोलाविली आणि सोडून दिले.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष मासी ही मोहीम फत्ते जाहली. वतनदार तडीपार जाहले. फोनाचे दार उघडे आहे आणि ते तैसेच राहील; बँक रुसली आहे, रुसो. आभाबाईसाहेबांच्या दुपारच्या झोपेचे तख्त इंदिरानगराहून हलवून मखमलाबाद नाक्यावर नेले आहे, आणि प्लास्टर निघेतो रोज दोनाची स्वारी मुक्रर आहे. फोनाने लंकाबाईंस हाक मारिता येत नाही, कारण नवा फोन त्या घेत नाहीत; जाऊनच हाक मारावी लागते.

एक विनंती राहिली. येत्या रविवारी आम्ही सर्व लग्नास लासलगावी जाणार, तेव्हा त्या दिवशी स्वारीत खंड पडेल. वाचणारांपैकी कोणी दुपारी नाक्याच्या बाजूस असेल तर चाळीतील तिसऱ्या दाराशी थांबून लंकाबाईंस हाक मारावी. आतून 'मला काय धाड भरलीय' ऐसे उत्तर येईल. ते प्रमाण मानू नये. दार लोटलेले असते. ढकलावे, आत जावे, आणि भांड्यात चहाखेरीज काही शिजले आहे की नाही, तेवढे पाहून यावे.