पासांग आजोबांची तब्येत

"आजोबा आजारी आहेत," दमारिसने पहिल्याच सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितलं. "आतल्या खोलीत झोपलेत. येता-जाता त्यांना सांगून जात जा हं. नाहीतर रुसतात."

वीब्केने शहाण्यासारखी मान डोलावली. ती जर्मनीतल्या ब्रेमेनची. शाळा संपली होती, कॉलेज पुढच्या वर्षी. मधल्या वर्षात परक्या घरी राहून जग बघावं म्हणून ती जावाच्याही पलीकडच्या बेटावर, आमच्या तोराजाच्या डोंगरात, दमारिस आणि तिचा नवरा मार्थेन यांच्या घरी आली होती. निघण्यापूर्वी ती इथली भाषा शिकली होती आणि प्रथमोपचाराचा वर्गही करून आली होती. भाषेने फारसा त्रास दिला नाही. सगळा घोटाळा प्रथमोपचाराने केला.

आतली खोली तिच्या खोलीला लागूनच होती. दाराला लाल पडदा, खिडकी कायम बंद, आणि आतून लवंगेसारखा उग्र, औषधी वास. रोज सकाळी बुंगा आजी, म्हणजे आजोबांची बायको, भात आणि कॉफी घेऊन आत जायच्या. मग पडद्याआडून त्यांचा आवाज यायचा. "असं काय करता? कोमट आहे, घ्या ना. डुक्कर व्यालंय काल. तुमचा विश्वास नाही ना बसत? मला ठाऊकच होतं."

आजोबांचा आवाज मात्र कधी आला नाही. खोकला नाही, कण्हणं नाही, कूस बदलल्याची करकर नाही. लाकडी भिंतीला डोकं टेकवून झोपणारी वीब्के रोज रात्री भिंतीतूनच 'शुभ रात्री' म्हणायची आणि कान देऊन ऐकायची. पलीकडे इतकी शांतता, की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटावा.

शेवटी तिने दमारिसला विचारलंच. "डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं की. म्हणाले, आता आपल्या हातात काही नाही."

"जेवतात?"

"पूर्वी काय जेवायचे! आता आम्ही आपलं ठेवतो समोर."

"मग त्यांना अजून नेलं का नाही?" वीब्केच्या मनात मोठा दवाखाना होता.

"न्यायचंच आहे गं," दमारिस म्हणाली. तिला वाटलं, पोरगी निरोपाच्या दिवसाबद्दल विचारतेय. "पण धाकटे दीर पापुआच्या खाणीवर. त्यांना सुट्टी मिळाली पाहिजे, रेडे जमले पाहिजेत. रेड्यांशिवाय जाणार कसे?"

वीब्केने खिडकीतून खालचा घाटरस्ता पाहिला. खड्डे होते, पण जीप येत होती. पेशंटला रेड्यावरून नेण्याइतका काही तो वाईट नव्हता. त्या दिवसापासून तिचं सगळं लक्ष लाल पडद्याकडे लागलं.

बाजाराच्या दिवशी घरातले सगळे खाली गेले. "एकटी आहेस असं समजू नकोस," जाताना बुंगा आजी म्हणाल्या. "हे आहेतच."

दुपारी धुकं वर चढलं. आधी भाताचं कोठार दिसेनासं झालं, मग अंगण, मग पायरी. घराभोवती पांढरं, घरात अंधारं. आणि पडद्यामागे काहीतरी सरकलं.

"आजोबा?" वीब्केने हाक मारली. पुन्हा खसखस. मग हलकासा ठोका.

"आजोबा, मी आत येते हं."

आजोबा पाठीवर झोपलेले होते. डोक्याला लोकरीची टोपी, डोळ्यांवर चष्मा, गळ्यापर्यंत लाल चादर. चेहरा काळवंडलेला, कातड्यासारखा. आणि चादर छातीवर हळूच वर गेली, थांबली, खाली आली.

तिने त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि लाकडासारखा कडक. श्वास चालू आणि हात असा! वर्गात शिकवलेलं सगळं तिला एकदम आठवलं. ती धुक्यातून धावत सुटली ती थेट आरोग्य केंद्रात.

डॉक्टर बागस आदल्याच आठवड्यात जावाहून बदलून आला होता. पहिली मोठी केस म्हटल्यावर त्याने ऑक्सिजनची नळकांडी मोटरसायकलवर बांधली, वीब्केला मागे बसवलं आणि निघाला. रस्त्यात लोकांनी विचारलं, "कुणाकडे?" ती ओरडली, "पासांग आजोबांकडे! त्यांचा श्वास अडकतोय!"

आमची वाडी एरवी कशाला घाबरत नाही. त्या दिवशी घाबरली. पासांग आजोबा श्वास घेतायत म्हटल्यावर बायकांनी टोपल्या टाकल्या, पुरुषांनी पत्ते टाकले, आणि सगळी माणसं मुकाट्याने धुक्यातून अंगणात येऊन उभी राहिली. पायरी कुणीच चढेना.

डॉक्टर आत गेला. मग त्याने चादर उचलली असावी, कारण एक किंकाळी ऐकू आली, आणि पाठोपाठ कोकलत, पंख फडफडवत एक कोंबडी पडद्यातून बाहेर पडली.

तिच्यामागून डॉक्टर आला. रंग उडालेला, हातात एक ऊबदार अंडं.

"ताई," तो वीब्केला म्हणाला, "अहो, हे... हे केव्हाच..."

वीब्केच्या डोक्यात मागचे सगळे दिवस एकदम जागेवर बसले. कॉफी, रेडे, देह टिकवणाऱ्या औषधाचा तो लवंगेसारखा वास. रोज रात्री भिंतीतून आपण 'शुभ रात्री' कुणाला म्हणत होतो, तेही तिला कळलं.

"केव्हाच काय?" पायरीशी बुंगा आजी उभ्या होत्या. बाजारची पिशवी तशीच हातात. अंगण श्वास रोखून होतं. आमच्याकडे निरोपाच्या दिवशी पहिला रेडा कापला जाईपर्यंत गेलेला माणूस आजारीच असतो. 'गेले' हा शब्द आधीच, चारचौघांत, तोही डॉक्टरच्या तोंडून निघाला, तर धाकटा मुलगा यायच्या आत आजोबा निघणार, आणि वाहून नेणाऱ्या रेड्यांवाचून परलोकाच्या अर्ध्या वाटेत अडकणार. "बोल ना. काय झालंय माझ्या नवऱ्याला?"

डॉक्टरने तोंड उघडलं.

"आजारी आहेत!" वीब्के मध्येच म्हणाली. आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "आजी, आजारीच आहेत. मी हात धरून बघितलाय."

आजींनी तिच्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. "आणि तू काय म्हणतोस?"

डॉक्टरने हातातल्या अंड्याकडे पाहिलं. "ताप अजिबात नाही," तो हळूच म्हणाला. "विश्रांती चालू द्या."

अंगणाने श्वास सोडला. कुणीतरी हसलं. आजी पिशवी ठेवून वीब्केजवळ आल्या आणि तिचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिल्या. "किती घाबरलीस गं. आणि यांच्यासाठी धावलीस."

त्या रात्री वीब्केला झोप लागली नाही. पण भिंतीकडे पाठ करणं तिला बरं वाटेना. मग तिने हलक्या आवाजात 'शुभ रात्री' म्हटलंच.

पुढच्या रविवारी डॉक्टर केळी घेऊन दारात हजर. "पेशंटला बघून जावं म्हटलं," तो ओशाळून म्हणाला आणि पडद्याआड गेला. बराच वेळ आतून त्याचं कुजबुजणं ऐकू येत होतं. आईची आठवण, क्वार्टरमधलं एकटेपण, बदली कधी होईल. बाहेर आला तेव्हा चेहरा हलका झाला होता.

"काय म्हणाले आजोबा?" वीब्केने डोळा मिचकावला.

"म्हणाले, पुढच्या रविवारी पण ये," डॉक्टर बूट घालत हसला.

"छे," तांदूळ निवडता निवडता बुंगा आजी म्हणाल्या. "आत्ताच मला म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण फार बोलतो."

वीब्के खळखळून हसली, डॉक्टरही हसला. मग दोघांच्याही लक्षात आलं, की आजी हसत नव्हत्या.