दिनकरभाऊ तिरके चालतात

दिनकरभाऊ सरळ चालत नाहीत. आळेफाट्याचा चौक ते खेकड्यासारखे आडवे सरकत ओलांडतात. कोपरा आला की भिंतीला पाठ लावून आधी नुसतं डोकं बाहेर काढतात. माझ्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला येतानाही तसंच. नवं गिऱ्हाईक दचकतं. मी सांगते, "घाबरू नका, शेजारचेच आहेत."

ही सवय गेमची. शेजारच्या गाळ्यात त्यांचा सायबर कॅफे होता, आणि तिथे सहा कॉम्प्युटरवर जुना बंदुकांचा गेम चालायचा. बंदिस्त मैदान, सगळ्यांना सारखीच बंदूक, मोठी हत्यारं जमिनीवर पडलेली. धावत जाऊन उचलील त्याची. मोबाईल आले, कॅफे ओस पडला. भाऊ आता तिथे झेरॉक्स काढतात, पण सहाही मशीन रोज पुसतात. "येणार ताई, हा गेम परत येणार!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी.

कोणी मोबाईलवरच्या गेमचं नाव काढलं की ते पेटतात. "अर्धा अर्धा तास गवतात लपून बसत्यात! ही काय लढाई झाली राव? त्यापरीस आपला बिबट्या बरा, अंगावर तरी येतो! आमच्यात मेला की लगेच उठतो. माणसाला आणि काय पायजे?"

"पण लोक विसरले, भाऊ."

"शर्यतीचा बैलगाडा बंद व्हता तवा बी लोक हेच म्हणत व्हते. आला का नाय?"

मी गोळीची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

मग गाळामालकाने निरोप धाडला: एक मोबाईल दुरुस्तीवाला जागा मागतोय, गाळा रिकामा करा. भाऊंनी मुदत मागितली. यात्रेच्या दिवशी स्पर्धा घेतो, सहा खुर्च्या भरल्या नाहीत तर किल्ली देतो. मालक म्हणाले, "बघायला मी सोता येनार."

भाऊ धावत, म्हणजे तिरके धावत, माझ्याकडे आले. मला यादीशिवाय काम सुचत नाही, हे सगळ्या फाट्याला ठाऊक आहे. वायरी, इन्व्हर्टर, पाण्याचे जार, खेळाडू, सगळं लिहून काढलं. भाऊंचं धरून पाच नावं भराभर मिळाली. सहाव्यापुढे भाऊंनी लिहूच दिलं नाही. "दोन नंबरचं मशीन ऱ्हाऊ द्या. भरंल ते."

यात्रेच्या सकाळी मी सगळे माउस स्वतः तपासले. दहा वाजता गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती! माईकवर तात्या, बैलगाडा शर्यतीच्या घाटात समालोचन करणारे. भाऊंनी त्यांना तीनदा समजावलं होतं की जो जास्त मारील तो जिंकला. पण तात्यांचा जन्म गेला पळणाऱ्याचं कौतुक करण्यात. टोमॅटोच्या टेम्पोवरचा संतोष पहिल्यांदाच खेळत होता. तो घाबरून नुसताच पळत सुटला, आणि तात्यांना चेव चढला.

"काय पळतोय, काय पळतोय! भिर्रर्र! झाली झाली झाली, एक नंबरची बारी!"

लोकांनी भंडारा उधळला. निम्मा कीबोर्डवर.

"अहो तात्या, त्यानं एक गोळी नाय मारली!" भाऊ ओरडले.

"मग काय झालं? म्होरं तर त्योच हाय!"

या गोंधळात गाळामालक आत आले आणि त्यांनी बोट दाखवलं. "ती खुर्ची मोकळी हाय, दिनकर."

दोन पोरं लगेच पुढे झाली. भाऊ आपल्या मशीनवरून उठून आडवे आले. "त्याचा माउस बिघडलाय."

तो माउस ठणठणीत होता, यादीत त्याच्यापुढे माझी खूण होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला, "माउस नाय बिघडला, मानूस बिघडलाय."

सुनंदावहिनी. भाऊंची बायको. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, आणि लेक नोकरीवर रुजू झाल्यावर बाळाला सांभाळायला तिथेच राहिल्या. यात्रेला म्हणून आल्या होत्या. त्यांनी कडेवरचं बाळ माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि दोन नंबरवर बसल्या. भाऊ लगबगीने आपल्या मशीनवर परतले. मला आत्ता आठवलं: कॅफे चालायचा तेव्हा गल्ल्यावर बसून कंटाळलेल्या वहिनी हा गेम शिकल्या होत्या, आणि भाऊंना रोज हरवायच्या.

"अजून कोपऱ्यातच लपता व्हय?" पहिल्याच मिनिटाला त्यांनी नवऱ्याला उडवलं. भाऊ उठले, पुन्हा उडवलं. लोक छत उडेल असे ओरडत होते, तात्यांचा आवाज बसला, आणि दर वेळी मरताना भाऊंचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा फुलत होता. मालक किल्ली विसरून वहिनींच्या खुर्चीमागे उभे राहिले ते हललेच नाहीत.

संध्याकाळी भाऊ वहिनींना पुण्याच्या एसटीत बसवायला निघाले. बाळ त्यांच्या खांद्यावर. चौकात ट्रक हॉर्न मारत होते आणि भाऊ रस्त्याच्या मधून सरळ चालले होते, अगदी सरळ, वहिनींशी बोलत.

परत आले ते मात्र भिंतीला पाठ लावून. माझ्या काउंटरच्या कोपऱ्यावरून डोकं बाहेर आलं.

"ताई, पुढची स्पर्धा रविवारीच धरा. रविवारी जावयाला सुट्टी असती. बाळाला तो बघतो."