माळावरचे पाच पांडव

अनंतपंतांचे व्यंकटेश, व्यंकटेशांचे नरसिंह आणि नरसिंहांचे चिरंजीव प्राणेश. खटकचिंचोळीतल्या देवळाचे इनाम सांभाळणाऱ्या या घराण्यात चौथ्या पिढीला एम.एस्सी.चा योग आला, तोही गवताच्या अभ्यासासाठी. "गवताचं काय शिकायचं? ते म्हशीला विचार की," एवढे बोलून नरसिंहरावांनी त्याला गुलबर्ग्याच्या गाडीत बसवले.

गुरे न चरलेल्या माळावर किती जातींचे गवत तगते, हा प्रबंधाचा विषय. आषाढात प्राणेशने गावच्या गायरानाचा एक तुकडा निवडला. हद्द ओळखू यावी म्हणून चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक, असे चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडले. नवल असे, की त्यानंतर एकही शेळी आत शिरेना. गुराखी चप्पल काढून वळसा घालू लागले. 'ग्रामस्थांत निसर्गाविषयी जागृती झाली आहे,' असे त्याने आपल्या मार्गदर्शक शरणप्पा सरांना अभिमानाने कळवले. सर म्हणाले, "येळवशीला येतो. गवत कापून वजन करू. वजन न्हाई तर परीक्षा न्हाई."

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, विळा-तराजू घेऊन दोघे माळावर पोहोचले आणि प्राणेश जागीच थिजला. त्या दिवशी शेतात पाच पांढरे दगड मांडून ते पांडव म्हणून पुजायचे, वर कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, ही या मुलखाची रीत. ज्यांना शेत नव्हते, त्या साऱ्या घरांना प्राणेशने पांडव आयते मांडून दिले होते. दगडांना हळदकुंकू लागले होते, मधल्यावर कोप चढली होती आणि हद्दीबाहेर भज्जी-आंबिलीच्या पंगती बसल्या होत्या.

"लिंगम्मा अक्का, हे दगड माझे हायत," तो पंगतीच्या म्होरकीला म्हणाला.

"पांडव तुझे कवापासून झाले रं? आधी पाया पड."

"पण चुना मी लावलाय."

"चांगलं केलास. पुढच्या साली बी लाव."

त्याने विळा काढताच शेजारच्या हणमंतप्पाने तो अलगद काढून घेतला. "माझी हरवलेली म्हैस ह्यांच्या नवसानं गावली. अन् तू कापायलास कामून?"

"सर, माझं वरीस जायलंय," प्राणेश काकुळतीला आला. सर मात्र आंबिलीचा वाडगा हातात धरून हद्दीवर वाकले होते.

"मारवेल, पवन्या, कुसळी... लेका, एवढ्या जाती एका जागी मी जिल्ह्यात बघितल्या न्हाईत. वजन ऱ्हाऊ दे. बाहेरनंच मोज, आणि हे राखलं कुणी, ते लिही."

प्राणेश पोटावर आडवा होऊन मोजू लागला. हा नवा दंडवत पाहून मागे चार म्हातारेही आडवे झाले. मोजणी संपली, वर्ष वाचले. उठताना त्याने भीत भीत नमुन्याला एक काडी मागितली.

लिंगम्मा हसली. "दुष्काळात माझा सासरा देवळाच्या इनामातलं पेंडीभर गवत मागायला तुझ्या आज्याकडं गेल्ता. आजा काय म्हणाला, ठाव हाय?"

"न्हाई."

"'देवाचं गवत हाय, काडीला हात लावायचा न्हाई.'" तिने त्याचा वाडगा काठोकाठ भरला. "आज सारं फिटलं बग. पी."