आहे तसं घ्या

जावईबापूंची दाढ पहाटेपासून ठणकत होती आणि ती उपटणार होते खुद्द दंतवैद्य सासरेबुवा. पण दवाखान्यात शिरायलाच जागा नव्हती. बाकावर, जिन्यात, थेट फुटपाथपर्यंत माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर काल आलेला एकच निरोप: ‘उद्या सकाळी नऊ वाजता या.’ ज्यांना कवळी बसवून जमाना झाला, तेही आले होते.

जावईबापू प्रोग्रामर. पेशंटना वेळा कळवणारं फुकटचं सॉफ्टवेअर त्यांनीच काल हौसेनं इथं बसवलं होतं.

“हे काय हो?” सासऱ्यांनी विचारलं.

“सॉफ्टवेअरची बारीकशी चूक, मामा.”

“लिहिलंय कुणी ते?”

“नाव माहीत नाही. ‘झोपाळू घुबड’ म्हणवतो स्वतःला.”

“म्हणजे माझा दवाखाना घुबडाच्या भरवशावर?”

“तसं नाही. सॉफ्टवेअरच्या आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही तपासू शकतं.”

“तुम्ही तपासलंत?”

जावईबापूंनी गाल दाबला. “कुणीतरी तपासलंच असेल की.”

“आणि चाचणी?”

“केली ना! काल, तुमच्या पेशंटच्या खऱ्या यादीवर.”

“शाब्बास! आता जबाबदार कोण?”

“तसं कुणीच नाही. त्यात लिहिलेलंच असतं, आहे तसं घ्या, हमी नाही. फुकट आहे ना, मामा!”

सासऱ्यांनी जावयाला खुर्चीत बसवलं आणि हिरडीत सुई टोचली. बाहेर कुणीतरी दार बडवत होतं.

“भुलीचं औषध नवीन दिसतंय,” जावईबापू चाचरत म्हणाले.

“कंपनीचा फुकट नमुना आलाय.”

“चांगलं आहे ना?”

“कुणीतरी तपासलंच असेल की.” सासऱ्यांनी शांतपणे पक्कड उचलली. “दुखणारी दाढ डावीकडची का उजवीकडची? जाऊ दे, तुमच्याकडून मी पैसे घेणार नाही. आहे तसं घ्या.”

जावईबापूंची पाचावर धारण बसली. ते खुर्चीतून उसळलेच. “मामा, पैसे घ्या! पावती द्या, खाली सही करा!”

“करतो की. रोजच करतो. आधी तुम्ही बाहेर जाऊन सांगा, चूक कुणाची ते.”

जावईबापू बाहेर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच जबाबदारी घ्यायला त्यांनी तोंड उघडलं. पण भूल चढली होती. “तूत... माती... आहे!” ते कळवळून सांगत राहिले. कुणाला काडीचंही कळलं नाही.

सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या आजींना मात्र दया आली. “अरे, फारच दुखतंय रे याला! जा बाळा, आधी तू जा. आम्ही थांबतो.”

आणि सगळ्यांनी मिळून त्यांना प्रेमानं परत आत ढकललं.